रामनगरचा चौथिया राजा : एका लहान राज्याची राजकारणी भाषा

मराठ्यांच्या इतिहासांतील ज्या शब्दांवर सर्वांत अधिक शाई खर्ची पडली त्यांत 'चौथ' हा शब्द पहिल्या रांगेंत बसेल. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत चौथाईची तुलना वेल्स्लीच्या तैनाती फौजेच्या पद्धतीशीं केली. सर जदुनाथ सरकारांस तींत रक्षणाचा अंश दिसला नाहीं; चौथ भरली म्हणजे मराठ्यांची स्वारी टळे, एवढेंच त्यांस मान्य होतें. एकाच्या मतें तें रक्षणाचें वेतन, दुसऱ्याच्या मतें भयाची खंडणी. हा वाद मुख्यतः १७१९ सालच्या सनदांभोवतीं आणि त्यानंतरच्या स्वाऱ्यांभोवतीं फिरत राहिला. परंतु चौथ ही १७१९ सालीं जन्मली नाहीं, आणि शिवछत्रपतींनींही ती नव्यानें काढली नाहीं. त्यांच्या जन्माच्या आधींपासून उत्तर कोंकणच्या एका कोपऱ्यांत ती नियमानें मागितली जात होती व दिलीही जात होती. मागणारा एक लहानसा डोंगरी राजा होता. देणारे दमणचे फिरंगी होते.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. चौथाईचा दुहेरी अर्थ मागाहूनच्या अभ्यासकांनीं घातलेला घोळ नव्हे. तो त्या शब्दांत पहिल्यापासून होता, आणि तो टिकून राहिला याचें कारण त्या लहान राज्याचा जीवच त्या दुहेरीपणांत होता. तें राज्य म्हणजे रामनगर, पुढच्या काळचें धरमपूर संस्थान.

प्रथम भूमि पाहूं. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत गुजरातच्या सीमेस लागून वेवजी नांवाचें गांव आहे. आम्ही त्या बाजूस हिंडलों तेव्हां जी गोष्ट मनांत भरली ती नकाशांतून कळण्याजोगी नाहीं. पश्चिमेस उंबरगांव-संजाणचा सखल किनारा, ताडामाडांचा व भातशेतीचा. पूर्वेस जमीन हळूहळू उंचावत जाते आणि जव्हार-धरमपूरच्या अंगास डोंगर एकांत एक गुंतत जातात. किनाऱ्यावर पीक आहे, बंदरें आहेत, पैसा आहे; डोंगरांत लांकूड आहे, वाटा आहेत, आणि लपावयास जागा आहे. किनारा ज्याच्या हातीं त्यास डोंगराचें भय, व डोंगर ज्याच्या हातीं त्यास किनाऱ्याची गरज. चौथाईची सारी कथा या दोन वाक्यांत बसते, असें म्हटलें तरी चालेल.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगिजांस दिला. १५५९ सालीं व्हिसेरेय दों कोंस्तांतिनु द ब्रागांझ यानें दमण घेतलें, आणि दमणपासून दक्षिणेस संजाण, डहाणू, तारापूर हा किनारा हळूहळू त्यांच्या कारभाराखालीं आला. १५७२-७३ त अकबरानें गुजरात घेतल्यावर उत्तरेस मोगल येऊन भिडले. पूर्वेस बागलाणचे राज्य होतें. तेंही १६३८ सालीं औरंगजेबानें, तो दक्षिणेचा सुभेदार असतां, मोगलाईंत घातलें. त्याच सुमारास मोगली फौजेनें दमणासही वेढा दिला, पण तें त्यांच्या हातीं लागलें नाहीं. दक्षिणेस जव्हारचे मुकणे. अशा चौफेर दाटींत रामनगरचा राजा उभा होता.

बागलाण पडलें तेव्हां रामनगरचें काय झालें याविषयीं मोगल तवारिखींतील हकीकत फार बोलकी आहे. तेथील राजा सोमदेव हा बागलाणच्या राजाचा जांवई. हा मुलूख प्रथम बागलाणाबरोबर ताब्यांत घेतला, पण तेथें उत्पन्नाहून खर्च अधिक येतो असें आढळून आल्यावर तो दहा हजार रुपये पेशकशीवर सोमदेवासच परत दिला. दिल्लीच्या हिशेबनिसांनीं एका राज्याचें स्वातंत्र्य तोट्याच्या रकान्यांत घालून सोडून दिलें! गरिबी हेंही लहान राज्याचें एक कवच असतें. पण आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : पूर्वेकडे दहा हजारांची पेशकश देणारा हाच राजा पश्चिमेकडे दमणच्या गांवांतून चौथ घेत होता. एका हातानें देणें व दुसऱ्या हातानें घेणें ही त्याची नित्याची स्थिति होती. म्हणून एका दिशेच्या पत्रांत त्यास जें व्हावें लागे तें दुसऱ्या दिशेच्या पत्रांत होऊन चालत नसे.

त्याचीं नांवेंच पाहा. मोगलांच्या लेखीं तो जमीनदार. स्वतःच्या मुलखांत तो राजा, सिसोदे कुळाचा अभिमान सांगणारा. पोर्तुगीज कागदांत त्यास 'सार्सेताचा राजा' म्हणतात, आणि त्याहून अधिक वेळां 'चौथिया' म्हणतात. म्हणजे जो चौथ घेतो तो. शेजारच्या जव्हारकरांस त्यांनीं 'कोळी राजा' म्हटलें, जातीवरून. रामनगरकरांस मात्र त्यांच्या हक्कावरून ओळखलें. एखाद्या राज्याचें नांव त्याच्या वसुलीवरून पडावें हें आम्हांस दुसरीकडे फारसें आढळलें नाहीं. दमणच्या कारभाऱ्यांनीं कदाचित् तुच्छतेनें तें नांव वापरलें असेल. पण परिणाम उलटा झाला. ज्या फिरंगी कागदांत 'चौथिया' हें नांव येतें त्या प्रत्येक कागदांत हक्काची कबुली आपोआप लिहिली जाते. देणेंच मान्य नसेल तर धनकोस धनको या नांवानें हांक कशी मारणार?

आतां ही चौथ होती तरी काय? नांव चौथाईचें, पण सर्व गांवांवर तो खरोखरीचा चौथा हिस्सा नव्हता. गांवागांवांचे दर निरनिराळे असत आणि पुष्कळ ठिकाणीं ते चतुर्थांशाहून बरेच कमी होते. पोर्तुगिजांची समजूत अशी कीं, हें देणें गुजरातच्या सुलतानांच्या अमलापासून चालत आलेलें असून दमणबरोबर तें आपल्याकडे आलें. देण्याचें कारण ते असें सांगत : राजानें आपल्या मुलखांतील लोकांस दमणच्या गांवांवर धाड घालूं देऊं नये, चोरीस गेलेलीं गुरेंढोरें शोधून परत करावीं, पळून डोंगरांत शिरलेल्या गुन्हेगारास थारा देऊं नये. म्हणजे त्यांच्या भाषेंत चौथ हें चाकरीचें वेतन झालें. राजाच्या भाषेंत ती या भूमीवरील त्याच्या वडिलार्जित अंमलाची खूण. फिरंगी आले ते समुद्रावाटे. डोंगरांतील राजा त्यांच्या आधींचा. जमिनीचा चौथा वांटा तो अजून घेतो, म्हणजे जमीन कांहीं अंशीं अजून त्याचीच आहे.

या दोन अर्थांत तडजोड करण्याची घाई कोणासच नव्हती, आणि यांतच मौज आहे. हक्क म्हणून उघड कबूल केला तर दमणच्या मुलखावरील पोर्तुगालच्या राजाची सत्ता अपुरी ठरते. म्हणून दमणवाल्यांनीं 'वेतन' धरून ठेवलें. वेतन म्हणून उघड कबूल केलें तर राजा फिरंग्यांचा पहारेकरी ठरतो, आणि नोकरास काढून टाकतां येतें. म्हणून राजानें 'हक्क' सोडला नाहीं. 'चौथ' हा शब्द दोघांसही चालला, कारण त्यांत नुसता आंकडा आहे. किती, हें तो सांगतो. कशाबद्दल, हें सांगत नाहीं. शिवाय राजाची एक अडचण होती. धाड घालणारे अजिबात नाहींसे झाले तर चौथ द्यावयाचें कारणही नाहींसें होईल. आणि ते फार माजले तर कराराचा भंग त्याच्या माथीं येईल. डोंगरांत चोर आहेत, ते माझ्या आवाक्यांत आहेत, परंतु सर्वस्वीं माझ्या हातांत नाहींत, एवढ्या अरुंद दोरीवर त्याचें सारें बोलणें चालावयाचें. धमकीचा एक शब्दही न लिहितां धमकी पोंचविण्याची ही रीत आहे.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथें कौटिल्याची आठवण होईल. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं 'अर्थशास्त्र' छापून प्रसिद्ध केलें तेव्हांपासून प्रत्येक राजकारणी कृत्यामागें कौटिल्याचा हात दाखविण्याची एक खोड आपल्याकडे लागली आहे. तींत आम्हांस पडावयाचें नाहीं. रामनगरच्या राजानें किंवा त्याच्या कारकुनानें तो ग्रंथ पाहिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परिस्थिति सारखी असली म्हणजे उपायही सारखे सुचतात, आणि त्या उपायांस नांवें हवीं असतील तर तीं कौटिल्याकडे तयार आहेत. षाड्गुण्याच्या विवेचनांत दोन बलवंतांमध्यें सांपडलेल्या दुर्बळानें काय करावें याचा विचार आला आहे. ज्यास रक्षण करण्याचें सामर्थ्य आहे त्याचा आश्रय करावा, किंवा दोघांचाही करावा. या दुहेरी आश्रयास त्यानें 'कपालसंश्रय' अशी संज्ञा दिली आहे. तेथें एकाजवळ दुसऱ्याच्या दुष्ट हेतूचा निर्देश करीत राहावें, असा उपदेश आहे. रामनगरानें मोगलास पेशकश दिली व फिरंग्याशीं करार राखला, हा तोच प्रकार.

त्याहून उपयोगी आम्हांस 'शासनाधिकार' हें प्रकरण वाटतें. राजपत्र कसें लिहावें याचें हें शास्त्र आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व असे लेखाचे सहा गुण तेथें सांगितले असून, निंदा, प्रशंसा, पृच्छा, आख्यान, अर्थना, प्रत्याख्यान, उपालंभ, प्रतिषेध, चोदना, सांत्व, अभ्यवपत्ति, भर्त्सन व अनुनय असे पत्राचे तेरा विषय मोजले आहेत. जुनीं पत्रें वाचणाऱ्यानें हीं तेरा नांवें एका कागदावर लिहून शेजारीं ठेवावीं. पत्रांतील प्रत्येक वाक्य कोणत्या घरांत बसतें हें पाहिलें कीं लिहिणाऱ्याचें बळ व भय दोन्ही उघडीं होतात. बलवान चोदना करतो, भर्त्सना करतो. दुर्बळ अनुनय करतो. पण चतुर दुर्बळ उपालंभ करतो. 'आपण असें कराल असें वाटलें नव्हतें' असें म्हणणारा मनुष्य समोरच्यास आपल्या बरोबरीस ओढून घेत असतो, आणि जुन्या कराराची आठवणही देऊन जातो. आता स्पष्टत्वाबद्दल. कौटिल्य तो गुण मानतो खरा, पण तो राजाधिराजाच्या लेखकास उद्देशून बोलत आहे. लहान राज्याच्या लेखकास स्पष्टत्व हा गुण परवडत नाहीं.

हें एकट्या रामनगरचें वैशिष्ट्य नव्हतें हें दाखविण्यासाठीं दूरचें एक उदाहरण घेतों. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं रागुसा, म्हणजे आजचें डुब्रोव्निक, हें एक लहान प्रजासत्ताक होतें. एका बाजूस तुर्की सुलतान, दुसऱ्या बाजूस व्हेनिस, पाठीशीं रोमचा पोप व स्पेनचा राजा. १४८१ पासून तें सुलतानास साडेबारा हजार डुकाट दरसाल पोंचवीत असे, आणि सुलतानाच्या दरबारीं त्याचे वकील आपण एकनिष्ठ करदाते असल्याचें सांगत; पोपास लिहितांना तेंच नगर ख्रिस्ती धर्माची शेवटची चौकी होई. निशाणावर मात्र त्यांनीं 'स्वातंत्र्य' हाच शब्द लिहिला होता. १६६७ च्या भूकंपानें नगर कोसळल्यावर वजीर कारा मुस्तफानें त्याजवर पैशाचा तगादा लावला. त्या बोलणींत गेलेला निकोला बुनिच हा वकील तुर्कांच्या कैदेंत १६७८ सालीं वारला. शब्दांवर जगणाऱ्या राज्याचे वकील प्राणावर उदार व्हावे लागतात. तरीही तें नगर १८०८ सालीं नेपोलियनच्या सेनापतीनें मोडीपर्यंत टिकलें. रामनगर प्रजासत्ताक नव्हतें, त्याजवळ जहाजें नव्हतीं, धनाढ्य व्यापारी नव्हते. पण दोन दिशांस दोन मायने लिहिण्याची कला दोघांची एकच. भेद एवढाच कीं, रागुसा दोन्हीकडे विनवीत होतें. रामनगर एकीकडे विनवीत होतें व दुसरीकडे वसूल करीत होतें.

आमच्या या मुलखास शब्दांच्या जोरावर जागा मिळविण्याच्या कथाही कांहीं कमी नाहींत. जव्हारचा मूळपुरुष जयबा मुकणे यानें बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून घेतली आणि मग त्या कातड्याच्या वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, असें सांगतात. कार्थेजच्या राणीविषयींही हीच कथा सांगितली जाते, तेव्हां ती इतिहास म्हणून घेण्याचें कारण नाहीं. पण तहाच्या शब्दास ताण दिला तर तो किती लांबतो याची जाणीव या लोकांस होती, एवढें तिच्यावरून खास दिसतें. संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारश्यांची हकीकत 'किस्से-इ-संजाण' या १५९९ च्या सुमाराच्या फारसी काव्यांत आहे. तेथें राजा जादी राणा त्यांस पांच अटी घालतो : धर्माचें स्वरूप सांगावें, देशभाषा स्वीकारावी, स्त्रियांनीं येथील वेष घ्यावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, लग्नें सायंकाळीं लावावीं. दुधांत साखर विरघळल्याची सर्वतोमुखी गोष्ट मात्र त्या काव्यांत कोठेंही नाहीं. ती मागाहूनची आहे. संग्राहकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. लोकांस साखर आवडते, पण मूळ कागदांत असतात त्या अटी.

आतां मूळ कथेकडे वळूं. सुरतेवर शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या झाल्या, १६६४ च्या जानेवारींत व १६७० च्या आक्टोबरांत. तेव्हांपासून कल्याण ते सुरत या वाटेवरील डोंगरी राज्यें कोणाच्या बाजूस आहेत हा प्रश्न मोठ्यांच्या दृष्टीनें निकडीचा झाला. मिर्झाराजे जयसिंगांनींही १६६५ च्या मोहिमेंत या राजांस आपल्याकडे वळविण्याचा यत्न केला होता. अखेर १६७२ च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें, राजा विक्रमशहा मोगलाईंत गेला. पाठोपाठ रामनगरावर चाल झाली, राजा सोमशहा कुटुंबासह मुलूख सोडून गेला, आणि जुलैंत तेंही हस्तगत झालें.

येथें कपालसंश्रयाचा आधार तुटला. दोन बलवंत एकमेकांस तोलून असतात तोंवरच मधला राहतो. तिसरा बलवंत आला आणि त्यास मधली वाट स्वतःलाच हवी असली म्हणजे पत्रांचा उपयोग संपतो. पण लक्षांत घेण्याजोगें असें कीं, राजा गेला तरी त्याचा शब्द गेला नाहीं. महाराजांनीं दमणच्या फिरंग्यांकडे चौथ मागितली ती नवी खंडणी म्हणून नव्हे. रामनगरचें राज्य आम्हीं घेतलें, त्या राज्याचा तुमच्या गांवांवर चौथाईचा हक्क आहे, तो आतां आमचा, अशी ती मागणी होती. म्हणजे राजाचा जुना अर्थ, 'हक्क', हाच महाराजांनीं उचलला. वेतन वारशानें येत नाहीं, हक्क येतो.

फिरंग्यांनीं उत्तर दिलें तें त्यांच्या जुन्या अर्थाच्या आश्रयानें. महाराजांचा वकील पीतांबर शेणवी गोव्यास बोलणीं करीत होता. १६७७-७८ च्या सुमारास या प्रश्नावर जो व्यवहार झाला त्याचा सूर एकच आहे : साफ नकार नाहीं व साफ होकारही नाहीं. रामनगरचा मुलूख खरोखर सगळा हातीं आला आहे काय, जुना राजा ज्या अटी पाळी त्या नवा धनी पाळील काय, अशा प्रश्नांवर तें घोडें अडलें. यांस कोणी फिरंग्यांची टाळाटाळ म्हणतील. टाळाटाळ होतीच. पण ती हवेंतून काढलेली नव्हती. चौथिया राजाबरोबर सुमारें शंभर वर्षें जो दुहेरी अर्थ त्यांनीं सांभाळला, त्याचाच हा दुसरा अर्धा भाग होता. गंमत अशी कीं, आतां भूमिका उलटल्या. पूर्वी अस्पष्ट शब्दाची गरज डोंगरांतल्या दुर्बळास होती. आतां ती दमणांतल्या दुर्बळास लागली.

दोन्ही बाजूंस शब्दांचा अर्थ नीट कळत नव्हता अशी एक शंका काढतां येईल. ती आम्हांस टिकण्याजोगी वाटत नाहीं. पोर्तुगीज सरकारचे दुभाषी व वकील पुष्कळदां गोव्याचे सारस्वत ब्राह्मण असत, आणि मराठ्यांकडूनही शेणवीच बोलावयास जात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकरांनीं पोर्तुगीज राजनीतीच्या या देशी हस्तकांवर १९५२ सालीं एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. मेजाच्या दोन्ही बाजूंस एकच बोली बोलणारीं माणसें बसलेलीं असतां 'चौथ' म्हणजे काय हें कोणास कळलें नाहीं, असें कसें मानावें? संदिग्धता ही अज्ञानाची नव्हती, करारांतलीच होती.

पुढें संभाजी महाराजांनीं १६८३ त फिरंग्यांवर हत्यार धरलें, चौलास वेढा पडला, गोव्यावर स्वारी झाली. आणि १६८४ च्या आरंभीं तहाचें बोलणें झालें तेव्हां त्यांत वसईकडील गांवखंडी व दमणकडील चौथ देण्याची कबुली आली, पण त्या मुलखाच्या रक्षणाची अट तिच्याबरोबर बांधूनच. देणें आलें, रक्षण आलें. हक्क कीं वेतन, याचा निर्णय तेथेंही झाला नाहीं. मग १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद आणली. तींतही पंधरा हजार फौज बाळगण्याची अट आहे. दमणच्या कांहीं गांवांपुरता जो व्यवहार होता तोच सहा सुभ्यांएवढा झाला. रानडे व सरकार या दोघांचेंही म्हणणें ज्या कागदांतून काढतां येतें तो कागद या जुन्या सांच्यांतून निघाला आहे. आमचा कौल विचाराल तर, रानड्यांनीं करार वाचला आणि सरकारांनीं वसूल पाहिला. व रामनगरच्या राजाचें उदाहरण दोघांपैकीं कोणीही पुरेसें जवळून तपासलें असतें तर एकाच शब्दांत दोन्ही गोष्टी नांदूं शकतात हें त्यांस मान्य करावें लागलें असतें. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं पोर्तुगीज कागदांच्या आधारें हा दुवा जोडला, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

संग्राहकांसाठीं येथें दोन शब्द. अशा राज्यांचा पत्रव्यवहार आपणांस बहुधा मोठ्यांच्या दप्तरांतून मिळतो. गोव्याच्या दप्तरांत 'शेजारी राजे' या नांवाचीं पुस्तकें आहेत; शेजारच्या दरबारांस गेलेलीं उत्तरें त्यांत उतरून ठेवलेलीं सांपडतात. उत्तरावरून प्रश्न ओळखावा लागतो. भाषांतर होतांना सर्वांत आधीं मायन्याचा बळी पडतो, आणि राजकारण तर मायन्यांत असतें. 'राजश्री अमुक गोसावी यांसी' म्हटलें आहे कीं नुसती आज्ञा आहे, शेवटीं 'हे विनंति' आहे कीं 'जाणिजे' आहे, शिक्का माथ्यावर आहे कीं पाठीवर, यांवरून कोण स्वतःस काय समजत होता तें कळतें. मधल्या मजकुरांत पुष्कळदां गोड बोलण्यापलीकडे कांहीं नसतें. आमच्या माहितीच्या एका गृहस्थानें जुन्या पत्रांचे शिक्के कापून एका वहींत सुबक चिकटविले, आणि उरलेले कागद रद्दींत घातले. वही देखणी झाली आहे. तींतून कोणीं कोणास काय लिहिलें हें आतां ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

हे शब्द जपून ठेवावेत याचें एक कारण तर आपल्या काळापर्यंत येऊन पोंचतें. रामनगरच्या जुन्या मुलखापैकीं नगरहवेली परगणा पेशवाईंत मराठ्यांकडे आला होता. इंग्रजांशीं युद्ध चालू असतां फिरंगी त्यांस मिळूं नयेत हें पुण्यास हवें होतें. १७७९ च्या डिसेंबरांत पेशवे व पोर्तुगीज यांच्यांत तह झाला, त्याच्या सतराव्या कलमांत दमणच्या बाजूस बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें देण्याचें ठरलें, व १७८३ आणि १७८५ या सालांत तीं दिलीं गेलीं. जो मुलूख एके काळीं दमणकडून चौथ घेई त्याचाच एक तुकडा असा दमणच्या पदरीं पडला. पण पडला तो काय म्हणून? पोर्तुगीज म्हणत, सार्वभौम सत्तेसह. मराठी सनदांची भाषा मात्र सरंजामाची होती.

१९५४ सालीं दादरा व नगरहवेली मुक्त झालीं, आणि पुढच्या वर्षीं पोर्तुगालनें हिंदुस्थानाविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत फिर्याद लावली. तेथें सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढें मांडले गेले. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यांत न्यायालयानें म्हटलें कीं, या कलमाची भाषा सार्वभौमत्व देण्याच्या हेतूची आहे असें ठरवितां येत नाहीं, आणि त्या दोन सनदांवरून मराठ्यांनीं दिली ती बारा हजारांची जहागीर अथवा सरंजाम, केवळ महसुलाचा हक्क, असें दिसतें. पुढें इंग्रजांनीं पोर्तुगिजांची सत्ता मानली, ही गोष्ट न्यायालयानें वेगळी धरली. खासगी माणसें, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांचा मानला नाहीं, आणि हिंदुस्थानानें आपल्या कर्तव्याचा भंग केला नाहीं असाही निर्णय दिला. पुण्याच्या फडांत कोणा कारकुनानें पावणेदोनशें वर्षांपूर्वी बोरूनें लिहिलेला 'सरंजाम' हा शब्द युरोपांत पंधरा न्यायाधीशांनीं तोलून पाहिला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत, १ मे १९६० रोजीं, महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं आणि वेवजीच्या शिवेवर नवी रेषा आली. रामनगरचे कागद आज तिच्या दोन्ही अंगांस विखुरलेले असणार. तलासरी, डहाणू, उंबरगांव, पारडी, धरमपूर, जव्हार या भागांतील जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या, पाटलांच्या अथवा सावकारांच्या घरीं चौथाईच्या वसुलाच्या याद्या, गांववार दरांचे तपशील, किंवा 'चौथिया' हें नांव आलेला कोणताही चिटोरा असल्यास तो जसा आहे तसा, शिक्का व पाठीवरचा शेरा न कापतां, उतरून घेऊन या त्रैमासिकाकडे पाठवावा. मोडी लागत नसेल तर आम्ही वाचून देऊं.